लाभार्थीच्या सवयी

कुंभवलीला आमच्या आळीत चंद्रकांता संखे यांना सगळे काकू म्हणतात. माझ्या सासूबाई वयाने मोठ्या असूनही काकूच म्हणायच्या. मी इथल्या शाळेत शिकवते, लग्न होऊन या गावात आले त्याला सतरा वर्षं झाली, आणि या सतरा वर्षांत काकू कुणावर ओरडल्याचं मला आठवत नाही. गेल्या पावसाळ्यात त्या पहिल्यांदा ओरडल्या. का ओरडल्या, ते नीट सांगते, कारण कंपनीच्या कागदावर ते वेगळंच लिहिलेलं आहे.

काकूंची खानावळ आहे. खानावळ म्हणजे काय, स्वयंपाकघर आणि अठरा डबे. बोईसरच्या भाड्याच्या खोल्यांत राहणारी, पाळ्यांत काम करणारी उत्तरेकडची पोरं त्यांच्याकडे जेवतात, त्यांना अम्मा म्हणतात. पहिल्या पाळीचे डबे सहाला निघतात, म्हणून काकू चारला उठतात. काका इथल्याच रंगाच्या कारखान्यात होते. सव्वीस वर्षं. काकू सांगतात, आज कुठला रंग चाललाय ते सकाळी उशीच्या अभ्र्यावरून कळायचं. कधी निळा, कधी हळदीसारखा पिवळा. घामातून उतरायचा. शेवटची तीन वर्षं काकांना श्वास पुरत नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं, घराच्या खिडक्या बंद ठेवा. मग काकूंनी जुना एसी विकत घेतला, खिडक्यांना आतून प्लॅस्टिक ठोकलं, फटींत चिंध्या कोंबल्या. काका गेले तरी ते प्लॅस्टिक तसंच राहिलं.

घर सासऱ्यांनी बांधलेलं, तीन खोल्यांचं, मातीत बसवलेल्या विटांचं. वर आधी कौलं होती. दरवर्षी ती शाकारणारी माणसं मिळेनाशी झाली तेव्हा सिमेंटचे पत्रे घातले, आणि तेव्हापासून ते घर घर राहिलं नाही, भट्टी झाली. एप्रिलमध्ये दुपारी आत गेलं की डोकं गरगरायचं. दोन पंखे, एसी, फ्रिज. बिल हातात आलं की काकू मला वाचायला सांगायच्या, जणू दुसऱ्या माणसानं वाचलं तर कमी होईल.

अशात कंपनीचं हरित घर आलं.

औद्योगिक वसाहतीतल्या एका मोठ्या रसायन कंपनीच्या सीएसआरवाल्यांनी, म्हणजे समाजकार्य बघणाऱ्या विभागानं, गावातलं एक जुनं घर नमुना म्हणून निवडायचं ठरवलं. छतावर सौर पॅनल, त्याला सरकारची सबसिडी आणि उरलेल्यासाठी बँकेचं कर्ज. बाकीची दुरुस्ती कंपनीकडून: अर्धे पैसे आधी, अर्धे चार महिन्यांच्या पाहणीनंतर. काकूंचं नाव मीच सुचवलं. माझा नवरा रूपेश त्याच कंपनीत सुपरवायझर आहे, त्यानं ते साहेबांपर्यंत पोचवलं. म्हणजे या सगळ्यात मीही आहे.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी निमेश सर आले, सीएसआरचे प्रमुख. बरोबर हिमानी, पुण्याहून शिकून आलेली पंचवीस-सव्वीसची आर्किटेक्ट. घराची मापं घ्यायला ती स्वतः शिडी चढली, पत्र्याला हात लावून बघितला, आणि चटका बसला तेव्हा हसली. काकूंना ती तिथेच आवडली.

"काकू, दोन गोष्टी आहेत," ती म्हणाली. "वरून येणारं ऊन अडवायचं, आणि आतली गरम हवा बाहेर काढायची. पत्र्यावर पांढरा रंग देऊ, खाली बांबूच्या चटईचं छत, मध्ये हवेची पोकळी. भिंतीत वरच्या अंगाला झरोके. आणि या खिडक्या मोठ्या करायच्या. समोरासमोर उघड्या राहिल्या की एसी लागणारच नाही."

"खिडक्या नको," काकू म्हणाल्या.

"का?"

"वास येतो, पोरी."

हिमानीनं तिथल्या तिथे खोल श्वास घेतला. "मला तर काहीच येत नाही."

त्या दिवशी येतच नव्हता. समुद्राकडून वारं होतं आणि रविवार होता, बरेच कारखाने बंद. निमेश सर अंगणात उभे राहून हे सगळं ऐकत होते. ते बोईसरला दहा वर्षं आहेत. रविवारी हवा कशी असते आणि बुधवारी कशी, हे त्यांना माहीत नव्हतं असं मला कुणी सांगू नये. ते एवढंच म्हणाले, "मावशी, आता पूर्वीसारखं नाही राहिलं. सगळं कंट्रोलमध्ये आहे."

काकू माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान हलवली. घ्या म्हटलं. ती मान हलवल्याचं मला अजून लागतं.

पुढचा महिना कागदांत गेला. विजेचं मीटर सासऱ्यांच्या नावावर, सासरे जाऊन तीस वर्षं झालेली. मृत्यूचा दाखला, वारसांच्या सह्या, डहाणूला दिलेल्या मुलीचं संमतिपत्र. एका कार्यालयात त्यांना तीनदा परत पाठवलं, कारण एका कागदावर चंद्रकांता होतं आणि दुसऱ्यावर चंद्रकांताबाई. काकूंनी सगळं केलं. सकाळचे डबे रिक्षात चढवायचे आणि पिशवीत कागद घालून निघायचं.

काम जिव्यानं केलं. जिव्या बेटेगावच्या पुढच्या पाड्यावरचा गवंडी, हाताखाली त्याची बायको मंगळी. कंपनीनं काम दिलं ठेकेदाराला, ठेकेदारानं जिव्याला. बांबूच्या चटया मंगळीनं स्वतः विणल्या. हिमानीनं कागदावर झरोके काढून दिले होते, जिव्यानं ते बघितले आणि म्हणाला, "बाय, हे वीतभर वर घेऊ. आमच्या घरांना असंच असतं, धूर वरून जातो." हिमानीनं लगेच कागदावर खोडून दुरुस्ती केली. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पॅनल चालू झालं.

आणि खरं सांगते, घर चांगलं झालं. यात खोटं काही नाही. दुपारी बाराला आत गेलं तर अंगावर गारवा यायचा. काकूंनी एसीवर चादर टाकून ठेवली. पुढचं बिल इतकं कमी आलं की त्यांनी मला ते दोनदा वाचायला लावलं. पहाटे चारला उठून त्या आधी खिडक्या उघडायच्या आणि मग गॅस पेटवायच्या. "भाकरी करताना वारा लागतो गं," त्या मला म्हणाल्या. साठी उलटलेली बाई, स्वयंपाकघरातल्या वाऱ्याचं कौतुक सांगत होती. सरकारची सबसिडीही जूनच्या शेवटी खात्यात आली. ती त्यांच्या हक्काची होती, त्यात कुणाचे उपकार नव्हते.

जुलैत ढग खाली उतरले की काय होतं ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. पाऊस असला की कोण काय सोडतं ते दिसत नाही, म्हणून तेव्हाच सोडतात. संध्याकाळी साडेसहा-सातला सुरू होतं. सडलेला लसूण आणि जळलेलं रबर एकत्र केलं तर जसं होईल तसं. डोळे चुरचुरतात, जिभेवर कडू येतं. मुलींच्या पायांतली चांदीची पैंजणं दोन दिवसांत काळी पडतात. आमच्या शाळेच्या कारखान्यांकडच्या खिडक्या मी जूनमध्ये बंद करते आणि ऑक्टोबरात उघडते. वर्गात पन्नास मुलं घामानं भिजून बसलेली असतात.

काकूंनी खिडक्या बंद केल्या. पण आता खिडक्या मोठ्या होत्या आणि वर झरोके होते. पूर्वी चिंध्यांनी बुजवलेल्या घरात वास उशिरा शिरायचा, आता सरळ आत. त्यांनी झरोक्यांत गोणपाट कोंबलं, एसीवरची चादर काढली.

पत्र्यावरचा पांढरा रंग ऑगस्टपर्यंत तपकिरी झाला होता. शेवाळ नव्हे, हातानं पुसलं तर बोटांना गुलाबी भुकटी लागायची. पॅनलवर तोच थर. पॅनल धुवायला सांगितलं होतं, म्हणून काकू दर रविवारी शिडीवर चढून धुवायच्या. पण धुवायचं कशानं? बोअरच्या पाण्यानं. आमच्या बोअरचं पाणी बादलीत तासभर ठेवलं की पिवळं होतं. ते पाणी वाळलं की काचेवर डाग. मग काकू पिण्यासाठी विकत घेतलेल्या पाण्याच्या कॅनमधलं पाणी वापरायला लागल्या. मी ते डोळ्यांनी बघितलं आहे: साठीची बाई शिडीवर उभी राहून विकतच्या पाण्यानं कंपनीची घाण कंपनीनं मिरवायला निवडलेल्या घरावरून पुसते आहे.

त्यांनी हिमानीला फोन केला. "पोरी, मापं घ्यायला आलीस तशी राहायला ये. दोन दिवस. काही करू नको, फक्त राहा."

हिमानी आली. मंगळवारी दुपारी आली आणि गुरुवारी गेली. पहिल्या संध्याकाळी पावणेसातला काकूंनी तिला म्हटलं, "आता उघड तुझी खिडकी." तिनं उघडली. पाच मिनिटं उभी राहिली, मग मोरीत जाऊन ओकली. काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, तोंड धुवायला पाणी दिलं, खिडकी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी हिमानीनं पत्र्यावरची भुकटी छोट्या डबीत घेतली, पॅनलची वीज मोजली, शेजारच्या सहा घरांत जाऊन बोलली. जाताना काकूंना म्हणाली, "मी चुकले काकू. मी हवा चांगली आहे असं धरूनच चालले होते."

तिनं अहवाल लिहिला आणि कंपनीला दिला. सप्टेंबरच्या मध्यावर काकूंच्या हातात पत्र आलं. त्यांनी नेहमीसारखं मला वाचायला दिलं. मराठीतच होतं. घराचा आराखडा यशस्वी असल्याचं लिहिलं होतं. पुढे: "तथापि लाभार्थीच्या वापराच्या सवयींमुळे अपेक्षित बचत साध्य झालेली नाही. लाभार्थी खिडक्या बंद ठेवते, वातानुकूलन यंत्र वापरते व पॅनलची नियमित स्वच्छता ठेवत नाही. सबब दुसरा हप्ता राखून ठेवण्यात येत आहे."

वासाबद्दल एक शब्द नव्हता.

मी वाचून थांबले. काकूंनी विचारलं, "सवयी म्हंजे?"

त्यांना अर्थ माहीत होता.

"माझ्या सवयी?" त्या उठून उभ्या राहिल्या आणि आवाज असा चढला की समोरच्या घरातून माणसं बाहेर आली. "चार वाजता उठते मी! अठरा माणसांना घालते त्यांच्याच कारखान्यातल्या! माझा नवरा सव्वीस वर्षं त्यांचा रंग अंगावर घेऊन आला आणि खोकून खोकून मेला, ती कुनाची सवय? रोज संध्याकाळी ते घाण सोडतात, ती सवय नाय? मी खिडकी लावते ती सवय! लाभार्थी म्हनतात! कसला लाभ झाला गं मना, कसला?"

मी त्यांना बसवलं.

पुढे जे झालं त्यात मी वाईट वागले, तेही सांगते. ऑक्टोबरात कंपनीला हे घर पाहुण्यांना दाखवायचं होतं. कुठल्याशा पुरस्काराचे परीक्षक येणार होते. निमेश सर काकूंकडे पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. रविवारी सकाळी अकराला कार्यक्रम, खिडक्या उघड्या हव्यात, काकूंनी दोन शब्द बोलायचे.

"बुधवारी या," काकू म्हणाल्या. "संध्याकाळी साडेसहाला. खिडक्या मीच उघडते."

"मावशी, पाहुणे रविवारीच येणार."

"मग रविवारचं घर बघायला रविवारची मानसं बोलवा. मी रोज राहते इथं."

सर हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले की दुसरा हप्ता अडलाय, ठेकेदारानं त्या गवंड्याची मजुरीही अडवलीय, कार्यक्रम नीट झाला की सगळं त्याच आठवड्यात सुटेल.

ही खरी धमकी होती. जिव्या आणि मंगळीची एकवीस दिवसांची मजुरी. दोघं पावसाळाभर आपल्या उताराच्या तुकड्यावर भात करतात आणि नंतर कामाला बाहेर पडतात. ते पैसे त्यांना हवेच होते. काकूंनी निरोप पाठवला, जिव्या आला. काकूंनी त्याला सगळं सांगितलं. तो ओट्याच्या कडेला बसून जमिनीकडे बघत राहिला. उघडा म्हणाला नाही, उघडू नका असंही म्हणाला नाही. त्यानं का म्हणावं? बड्या कंपनीच्या पापाचा भार त्याच्या डोक्यावर ठेवायचा, हेच मुळात नीच होतं.

त्याच संध्याकाळी रूपेश मला म्हणाला, "काकूंना समजव. मला वरून विचारताहेत. तुझ्याच शेजारणीचं घर आहे ना, म्हणतात." तो वाईट माणूस नाही. त्याला दोन मुलांची फी दिसत होती. मी गेले. काकू पीठ मळत होत्या. मी म्हटलं, "काकू, एका सकाळचा तर प्रश्न आहे."

त्यांनी मला रागानं उत्तर दिलं नाही. फक्त विचारलं, "तुझ्या वर्गात कोण पाहुने आले तर तू पोरांना काय सांगशील? वास येत नाय म्हना?"

मी तशीच परत आले.

शुक्रवारी काकूंनी एसी विकला. बोईसरचा जुन्या सामानाचा दुकानदार टेंपो घेऊन आला, भिंतीतून काढून घेऊन गेला. आलेल्या पैशांत डब्यांचे थोडे घालून त्यांनी जिव्याची मजुरी पुरी केली. मंगळीच्या हातात दिली. जिव्या म्हणाला, "काकू, हे तुमच्याकडचं येणं नव्हतं." काकू म्हणाल्या, "म्हाइत हाय. पन आता मना कोनी धरून ठेवू शकत नाय." दुसऱ्या दिवशी जिव्या आपणहून आला आणि त्यानं झरोक्यांना लाकडी झडपा बसवून दिल्या, खालून दोरी ओढली की बंद होणाऱ्या.

त्याच शनिवारी कंपनीचा माणूसही आला, काकूंना न विचारता शिडी लावून पत्रा पुन्हा पांढरा करून गेला. तेव्हा काकू दुसऱ्या पाळीचे डबे पोचवायला गेल्या होत्या.

रविवारी अकराला तीन गाड्या आल्या. काकूंनी सगळ्या खिडक्या लावल्या होत्या, दाराला बाहेरून कुलूप घातलं होतं, आणि ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. अंगावर चांगलं लुगडं. आम्ही आळीतली दहा-बारा माणसं बाजूला उभी होतो. निमेश सरांनी कुलूप बघितलं आणि चेहरा उतरला.

"मावशी, चावी?"

"हाय माझ्याकडं."

पाहुण्यांत एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ होते, बहुतेक प्राध्यापक. त्यांनी विचारलं, "आजी, घर बंद का?"

काकू उठल्या नाहीत. "घर चांगलं हाय साहेब. हिमानी म्हनून पोर होती, तिनं मनापासून केलं. जिव्यानं बांधलं. पन ह्या खिडक्या उघडून जगता येत नाय. छत आज पांढरं दिसतं ना? काल रंगवलं, माझ्या माघारी. त्याच्याखाली काय हाय ते नख लावून बघा. आनि खरंच बघायचं असंल तर बुधवारी संध्याकाळी या. जेवायला घालीन. खिडक्या उघड्या ठेवून जेवू."

प्राध्यापकांनी निमेश सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "मावशी जरा नाराज आहेत, कौटुंबिक कारण आहे." प्राध्यापकांनी घड्याळ बघितलं. अंगणातच, पांढरं छत मागे येईल असा फोटो काढला आणि गाड्या वळल्या. बुधवारी कुणीही आलं नाही. काकूंनी मात्र चार माणसांचा जास्तीचा स्वयंपाक केला होता.

काकूंच्या गेटवर लावलेली हरित घराची पाटी कंपनीनं काढून नेली. दुसरा हप्ता कधीच आला नाही. हरित घर आता दुसऱ्या गावात गेलं आहे, वाऱ्याच्या उलट्या बाजूच्या, आणि तिथे त्यांना पुरस्कारही मिळाला. रूपेशला दोन वर्षं दिवसाची जनरल पाळी होती, ती काढून फिरती पाळी दिली. कारण सांगितलं नाही. तो महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही. हिमानीनं नोकरी सोडली. नोव्हेंबरात तिचं रजिस्टर पाकीट काकूंच्या नावावर आलं. त्यात तिचा मूळ अहवाल होता, सत्तावीस पानं, भुकटीच्या तपासणीचा कागद जोडलेला, खाली सही. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की बाहेरच्या हवेमुळे या घराच्या खिडक्या वर्षातले किमान चार महिने उघडता येत नाहीत आणि यात राहणाऱ्यांचा काहीही दोष नाही.

तो अहवाल जोडून आम्ही प्रदूषण खात्याकडे तक्रार केली. नवव्या दिवशी तपासणीला माणसं आली. दुपारी दोनला आली, कोरडं ऊन असताना, आणि हवा समाधानकारक असल्याचं लिहून गेली.

मग जानेवारीत ग्रामसभा झाली. काकूंनी मला सांगितलं, "तू वाच. मना एवढं जोडाक्षर जमत नाय." रूपेश समोर बसलेला होता, त्याच्या बाजूला कंपनीतलेच सहा-सात जण. मी उभी राहिले आणि सत्तावीसच्या सत्तावीस पानं वाचली. मध्ये एकदा कुणीतरी म्हणालं, पुरे आता. तेव्हा रूपेशच वळून म्हणाला, "वाचू दे तिला." कंपनीची चौकशी व्हावी असा ठराव झाला. मोठ्या अधिकाऱ्यांपुढे सुनावणी लागली. तारीख दोनदा पुढे ढकलली, दोन्ही वेळा आम्ही पालघरला पोचल्यावर कळवलं. काकू दोन्ही वेळा सहाचे डबे काढून, उरलेल्या पोरांचे डबे माझ्या घरात ठेवून निघाल्या होत्या. तिसरी तारीख पुढच्या मंगळवारी आहे. मी रजा टाकली आहे. रूपेशची त्या दिवशी दुपारची दुसरी पाळी आहे, म्हणून सकाळचे डबे तो पोचवणार आहे.